पांढऱ्या घोडीचं शिंगरू

"शिंगरू दिसलं का?" आप्पांनी विचारलं.

मी नुकतीच पळून आले होते. बूट काढायला वाकले होते, त्यामुळं तोंड लपवायची सोय होती.

"दिसलं."

"उभं राहिलं होतं?"

"हो. आईच्या पोटाशी."

"रंग कुठला?"

मी एका बुटाची नाडी सोडवली, मग दुसऱ्याची. घोडी पांढरी होती हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण गेले पाच आठवडे मी ती रोज सकाळी पाहिल्याचं सांगत होते. शिंगराच्या रंगाबद्दल मात्र काही ठरलेलं नव्हतं.

"तपकिरी," मी म्हटलं.

"अस्सं? मला तर काल पांढरं दिसलं."

"उन्हात दिसलं असेल तसं."

"असेल, असेल. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तुझं नाही." आप्पांनी वही ओढली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "शिंगरू, तपकिरी. वृंदाचं मत." मग वही मिटून त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला.

सप्टेंबरातला शेवटचा शनिवार होता तो. मला सुट्टी होती. खिडकीखालच्या कालव्यातून एक बोट इतकी सावकाश चालली होती, की आप्पांनी तिच्यावरच्या माणसाला मराठीत "या चहाला" म्हटलं, आणि त्यानं टोपी हलवली.

मी तेव्हा फ्रान्समध्ये बर्गंडीत मोंव्हेर नावाच्या गावाच्या पायथ्याशी राहायचे. गाव वर टेकडीवर, दगडी तटबंदीच्या आत. खाली कालवा, त्याच्या काठानं सपाट वाट आणि तिला लागून आठ-दहा घरं, त्यातलं एक माझं. दिजाँला जुने दस्तऐवज दुरुस्त करणाऱ्या एका कार्यशाळेत मी काम करायचे. ऑक्टोबरात द्राक्षमळ्यांमधून एकवीस किलोमीटरची शर्यत असते, तिच्यासाठी रोज सकाळी कालव्याकाठानं पळायचे. आप्पा ऑगस्टमध्ये आले. आईचे गुडघे विमानात बसण्यातले नव्हते, म्हणून एकटेच आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुलावर उभं राहून माझं पळणं पाहिलं.

"नळाच्या पाइपावरून मुंगी जाते तशी पळतेस," ते म्हणाले. "सरळ जायचं, सरळ यायचं. एवढा मुलूख पडलाय, तो काय पोस्टकार्डात बघणार?"

"आप्पा, शर्यतीसाठी पळतेय. मुलूख बघायला नाही."

"दोन्ही एकदम करू नये असा कायदा आहे का फ्रान्समध्ये?"

गोविंद तारळेकर म्हणजे आमचे आप्पा. कराड तालुक्यात पस्तीस वर्षं भूकरमापक होते. दोन भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडायच्या बेतात असताना मधोमध शांतपणे साखळी धरून उभे राहायचे. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं घरात आईला मोजायचे. चहात साखर किती घातली, भाजीवाल्याशी किती वेळ बोलली. आई फोनवर विचारायची, "काय करतायत आमचे साहेब?"

"फ्रान्स मोजतायत."

"मोजू दे. अजून एक देश लागला तर तोही दे. घाईनं पाठवू नकोस."

खरोखरच मोजत होते. मी साडेआठच्या गाडीनं गेले, की काठी आणि वही घेऊन बाहेर पडायचे. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. पस्तीस वर्षांत ते इंचभरही इकडचं तिकडं झालं नव्हतं, असा त्यांचा दावा होता. संध्याकाळी माझ्या हातात रस्त्याचा कागद यायचा. मोजणीच्या वहीत लिहितात तसा लिहिलेला: पानाच्या मधोमध दोन रेघा, तो रस्ता. सुरुवात पानाच्या तळाशी आणि मग वर वर चढत जायचं. डावीकडं जे दिसेल ते डावीकडं, उजवीकडचं उजवीकडं, आणि रेघांमध्ये पावलांचा आकडा. "खालून वर वाचायचं," त्यांनी मला दटावलं होतं. "चालणारा माणूस पुढं जातो, खाली उतरत नाही."

पहिल्या रस्त्यानं मी निघाले. खरंच निघाले, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

त्या भागात पायवाटांवर पिवळ्या रंगानं खुणा केलेल्या असतात. झाडावर, खांबावर, कुंपणाच्या दगडावर. पिवळी आडवी रेघ म्हणजे वाट बरोबर आहे, चालत राहा. पिवळी फुली म्हणजे इकडं जाऊ नका. तिथलं शाळेतलं मूलही हे सांगेल. पण आप्पांचं शिक्षण वेगळं झालेलं. मोजणीत फुली म्हणजे पक्का बिंदू. दगडावर फुली दिसली की तिथं वाद संपला. त्यामुळं त्यांनी रेघा सोडून दिल्या आणि फुलीपासून फुलीपर्यंत असा माझा रस्ता आखला. "लोक नीटनेटके आहेत," ते कौतुकानं म्हणाले होते. "ठिकठिकाणी खुणा करून ठेवल्यात."

पहिली फुली जुन्या दगडी धुणघराच्या कोपऱ्यावर होती. तिच्यामागं गेले तर एका गोठ्याच्या अंगणात निघाले. तिथं एक हंस होता. आपल्याकडच्या ग्रंथांतला हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. हा पोटऱ्या धरत होता. मी आले त्या वाटेनं पळत सुटले, कालव्यावर येऊन धाप टाकली आणि तिथंच उरलेले किलोमीटर पुरे केले.

घरी आले तर आप्पा दारातच. नवी पेन्सिल टोकदार करून कानावर ठेवलेली.

"कसा होता?"

फुलीचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ती पेन्सिल दिसली.

"मस्त," मी म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण दुसऱ्या दिवशी दुसरा रस्ता आला, तोही त्याच अंगणातून पुढं जाणारा. मग तिसरा. मी रोज कागद खिशात घालायचे, कोपऱ्यावरून वळल्याचं दाखवायचे आणि कालव्यावर उतरायचे. परत आले की आप्पांची उलटतपासणी. सुरुवातीला सोपे प्रश्न असायचे. अक्रोडाचं झाड दिसलं? दिसलं. पाण्याचा हौद? दिसला. दुसऱ्या आठवड्यात घोडी आली.

"गोठ्यामागच्या कुरणात पांढरी घोडी आहे, पाहिलीस?"

"पाहिली. छान आहे."

"उजव्या कानाला जरा चिरलंय तिच्या."

"हो, मलाही वाटलं तसं."

पुढं घोडी जरा जाड झाली. मग आप्पांना शंका आली, मग खात्री झाली, आणि शुक्रवारी ती व्याली. मी प्रत्येक पायरीवर मान डोलावली होती.

त्या शनिवारी मात्र चहा संपल्यावर ते म्हणाले, "उद्याचा रस्ता शेवटचा. मग तुझी शर्यत आणि माझं विमान. सहा किलोमीटर आहे, वर गावाच्या वेशीपर्यंत."

"एवढाच? मला एकवीस पळायचेत."

"मग साडेतीन वेळा पळ. ऐक, उद्या मी सहालाच निघतो. चालत वर जाऊन वेशीपाशी उभा राहतो. तू आठला नीघ. शेवटाला बाप उभा असला की पोरं जोरात पळतात."

आता पळवाट नव्हती. हंसाच्या अंगणातून जावं लागणार होतं, आणि पुढं काय काय होतं ते मला माहीतही नव्हतं. सहा आठवडे रोज पाहिलेला रस्ता मी उद्या पहिल्यांदा पाहणार होते, आणि आप्पा वरून बघणार होते.

संध्याकाळी सांगून टाकायचं ठरवलं. ते टेबलाशी बसून रस्त्याचा कागद पुरा करत होते. कागदाच्या कडेला कुठंकुठं पेनानं काही गिरगटलेलं होतं. पेन उठतंय का ते पाहिलं असेल, असं वाटलं.

"आप्पा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

ते थांबले. पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. इतका वेळ पुसला, की आता वाटतं, काच तरी किती पुसायची माणसानं.

"पोळ्या दोनच केल्यात," मी म्हटलं. "भात चालेल ना?"

"एवढंच?"

"एवढंच."

"चालेल." चष्मा चढवला. "अजून काही आठवलं तर घाई नाही. रस्ता संपेपर्यंत वेळ आहे तुला."

रविवारी सहाला जाग आली. त्यांच्या खोलीतून आवाज नव्हता. साडेसहालाही नव्हता. झोप लागली वाटतं, मी मनाशी म्हटलं, आणि मला चक्क बरं वाटलं. आता ते वर जाणार नाहीत, म्हणजे मला पळावं लागणार नाही. मी दोघांचा चहा केला. सात वाजता कप घेऊन दार ढकललं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच. त्रास झाला नसेल.

पुढचे दिवस कागदांत गेले. कागदांचं काम मला येतं. दहन तिथंच झालं. अकराव्या दिवसाचं माझं कराडचं तिकीट होतं. दहाव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"इथलं सगळं तुझा काका बघतोय. तू काय करतेयस?"

"आई, मी जरा पळून येऊ का?"

"त्यांचा रस्ता आहे ना? जा. गुडघा सांभाळ."

तिला रस्त्याबद्दल काय माहीत होतं ते तेव्हा मी विचारलं नाही.

कागद उघडला. खालून वर. शून्य, घर. चारशे दहा पावलं, धुणघर, फुली. मी फुलीमागं गेले. अंगणात शिरताच हंस मान लांब करून फिस्कारत आला.

"मार्सेल!" कुणीतरी ओरडलं. गोठ्यातून सत्तरीची एक बाई आली, रबरी बूट, हातात बादली. "पळू नका हो. पळणाऱ्यांचा राग येतो त्याला."

"मी पळायलाच आलेय," मी म्हटलं.

बाईनं बादली खाली ठेवली. माझ्याकडं, मग हातातल्या कागदाकडं पाहिलं.

"त्यांची मुलगी. हो ना? अखेर उजाडलं म्हणायचं! आणि ते कुठं आहेत? दहा दिवस झाले, फिरकले नाहीत."

मी सांगितलं. तिनं एप्रनला हात पुसले, पुसतच राहिली. मग मला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि न विचारता कॉफी ओतली. तिचं नाव ओदील.

"इथं बसायचे," तिनं माझ्याच खुर्चीकडं बोट केलं. "रोज दहा वाजता. खूप बोलायचो आम्ही."

"कुठल्या भाषेत?"

"ते त्यांच्या, मी माझ्या. काही अडलं नाही."

मी कपात बघत म्हटलं, "त्यांचा एक गैरसमज झाला होता. ती पिवळी फुली..."

"तो ना? तो तिसऱ्याच दिवशी मिटला. मीच खांबापाशी नेलं त्यांना. फुलीवर काठी ठोकली, बोट हलवलं, इकडं नाही, इकडं नाही. दोन मिनिटं बघत राहिले. मग असे हसले, मार्सेल घाबरला. तो घाबरत नाही कधी."

"पण त्यानंतरही रस्ते इथूनच काढत होते."

"हो. दुसऱ्या दिवशी टोपी काढून आले. माझं घर कागदावर काढून आणलं होतं, गोठ्यासकट, उकिरड्यासकट. ते दाखवलं आणि दोन बोटं त्यातून अशी पळवली. जाऊ द्याल का, म्हणून. मी हो म्हटलं, तर माझी सही घेतली! या शेवटच्या कागदावरही घेतली, ही बघा."

तिनं माझ्या कागदावर बोट ठेवलं. ते गिरगटणं म्हणजे सही होती. तिच्या वर, पानाच्या कडेला, आणखी तीन होत्या. लगतच्या शेतकऱ्यांना कळवल्याशिवाय आप्पांनी उभ्या जन्मात मोजणी केली नव्हती. जिथं जिथं जाऊ नका लिहिलं होतं, तिथं तिथं माझ्यासाठी ते परवानगी मागून आले होते.

"मग रोज विचारायचे," ओदीलबाईंनी टेबलावर दोन बोटं पळवली आणि भुवया उंच केल्या. हुबेहूब आप्पा. "आली होती का? मी मान हलवायची. नाही. की लागले हसायला. ठसका लागेपर्यंत. मग वहीत काहीतरी लिहायचे आणि एकटेच गालात हसायचे."

"रोज?"

"रोज."

मी कॉफी संपवली. खिडकीतून कुरण दिसत होतं. त्यात सहा गाई होत्या.

"तुमची घोडी कुठं आहे?"

"कुठली घोडी?"

"पांढरी. उजव्या कानाला चिरलेली. तिला शिंगरू झालंय."

ओदीलबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, दुःखात माणसाचं डोकं जरा फिरतं हे समजून घेणाऱ्या बाईसारखा. "घोडा माझ्या आजोबांच्या वेळी होता इथं. त्यानंतर नाही."

मी हसायला लागले. मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही. ओदीलबाई थांबल्या, आणि माझं झाल्यावर त्यांनी सगळी हकिकत काढून घेतली. घोडी, तिचं जाड होणं, शुक्रवारचं बाळंतपण, रंगाचा वाद. शेवटाला त्या शेतकरणीच्या आवाजात म्हणाल्या, "पण पांढरं म्हणाले ते? चूक. पांढऱ्या घोडीचं शिंगरू गडद जन्मतं. काळं, नाहीतर तपकिरी. पांढरं व्हायला त्याला वर्षं लागतात."

पुढचा रस्ता मी सावकाश पळाले. दुसऱ्या सहीपाशी अक्रोडाचं झाड होतं, तिसऱ्या सहीपाशी हौद. दोन्ही खरेच होते. द्राक्षमळ्यात शेवटचे घोस काढणाऱ्या एका माणसानं माझ्या हातातला कागद पाहिला आणि कात्री उंच करून ओरडला, "आलात का एकदाच्या!" त्याची सही चौथी. प्रत्येक वळणावर पिवळी फुली होती, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी मला ओळखत होतं.

चढ संपला. वेशीची कमान, तिच्याबाहेर लिंडनचं झाड, झाडाखाली दगडी बाक. कागदावर सगळ्यात वर आप्पांनी लिहिलं होतं: "सात हजार आठशे ऐंशी. शेवट. इथं मी उभा." बाकाशेजारच्या दगडावर खडूची फुली होती. पावसानं अर्धी गेली होती. म्हणजे ते आधीच येऊन जागा ठरवून गेले होते.

मी बाकावर बसले. खाली सगळं दिसत होतं. गोठा, मळे, धुणघर. आणि कालवा. सरळ, चकचकीत, नळाच्या पाइपासारखा. त्याच्या काठानं कुणीतरी पळत होतं. मुंगीएवढं.

याला नऊ वर्षं झाली. ती शर्यत मी पळाले नाही. नंतर कराडला आईनं सांगितलं, ते रोज फोनवर तिला माझं ताजं खोटं ऐकवायचे आणि वर बजावायचे, तिला बोलू नकोस, सांगेल ती आपणहून.

त्या सकाळी मात्र बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारं जोडपं पाव खात होतं. त्यांना मराठी येत नव्हतं. येत असतं तरी चाललं असतं. मी फुलीकडं तोंड केलं.

"आप्पा," मी मोठ्यानं म्हटलं, "मी तुमच्या रस्त्यानं पळत नव्हते. पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही. रोज कालव्यावर जायचे आणि तुम्हाला खोटं सांगायचे. आज आले. पूर्ण पळाले."

जोडप्यानं पाव खायचा थांबवला.

"आणि शिंगरू तपकिरीच होतं. हवं तर ओदीलबाईंना विचारा."